बारक्याचा पहिला मोसम

होळी जवळ आली की आमच्या सीवूड्सच्या खाडीत फ्लेमिंगो उतरतात आणि बिल्डिंगमधली माणसं गळ्यात कॅमेरे अडकवून सकाळी सकाळी बाहेर पडतात. कुणाकडे हापूसच्या पहिल्या पेटीची चौकशी सुरू होते. ज्या घरात दहावीचं मूल असतं तिथं टीव्हीचा आवाज बंद होतो. माझाही एक मोसम याच दिवसांत सुरू होतो, पण त्याची खबर इथं कुणाला नसते. लांब कुठल्या तरी देशात मोटरसायकलींची रांग लागते, वरचे लाल दिवे विझतात आणि माझ्या हॉलमध्ये तो आवाज सुटतो. पत्रा फाडल्यासारखा. पोटातून सुरू होऊन कानाशी पोचणारा.

पन्नाशी उलटलेली, एकटी राहणारी, कॉटनच्या साड्या नेसून बेलापूरच्या ऑफिसात जाणारी बाई मोटरसायकलच्या शर्यती बघते, हे कुणाला खरं वाटत नाही. ऑफिसात एकदा सहज बोलून गेले तर सगळ्याजणी हसल्या. "अगं, पण त्यात बघायचं काय? गोल गोल तर फिरतात!" त्यानंतर मी तो विषय काढला नाही. मला हे वेड कुणी लावलेलंही नाही. कॉलेजात असताना टायफॉइडनं आजारी होते, घरी नवीनच केबल आली होती, आणि पडल्या पडल्या चॅनल बदलताना एक माणूस दिसला. मोटरसायकल इतकी आडवी केलेली की त्याचा गुडघा रस्त्याला घासत होता. आता हा पडणार, असं वाटलं. तो पडला नाही. वळण संपलं, मोटरसायकल सरळ झाली आणि तो पुढच्या वळणाकडे निघून गेला. माझा ताप उतरला. हे मात्र तसंच राहिलं.

त्यातही मला ओढ असते ती नवख्याच्या पहिल्या वर्षाची. लहान इंजिनांच्या गटात नाव कमावलेला एखादा पोरगा सर्वांत वरच्या गटात येतो. मोटरसायकल जड, वेग भलताच, आणि आजूबाजूला दहा-दहा वर्षं मुरलेले गडी. पहिलं वर्ष पडण्यात आणि शिकण्यात जायचं, असा तिथला रिवाज. पण क्वचित एखादा रिवाज न पाळणारा निघतो. मी बघायला लागायच्या फार आधी एक अमेरिकन युरोपात आला होता. तिथली वळणं त्यानं आयुष्यात पाहिली नव्हती, आणि वर्षाअखेरीला तो जगज्जेता होता. पुढे एक इटालियन आला, चाचपडत सुरुवात करून वर्ष संपेपर्यंत दुसऱ्या नंबरावर पोचला. मग विशीतला एक स्पॅनिश मुलगा, त्यानंही पहिल्याच वर्षी मुकुट उचलला. या तिघांत थोर पदार्पण कुणाचं, यावर मी कितीतरी रविवार भांडले आहे. स्वतःशीच. भांडायला दुसरं कुणी नव्हतं.

गेल्या वर्षीपर्यंत.

भानूताई जवळच्या दिवाळे कोळीवाड्यातल्या. आमच्या गेटजवळ गुलमोहराखाली बुधवारी आणि रविवारी सकाळी त्यांची मासळीची पाटी असते. वयानं माझ्याएवढ्याच असतील. हिरव्या काठाची साडी, कानात भरगच्च सोनं आणि रस्त्याच्या पलीकडून ऐकू येणारा आवाज. तो आवाज मध्यंतरी एकदा बंद झाला. त्यांचा धाकटा मुलगा रोशन रविवारी भल्या पहाटे मित्रांबरोबर पाम बीच रोडवर मोटरसायकल पळवायला गेला आणि डिव्हायडरला जाऊन आदळला. हॉस्पिटलात नेईपर्यंत तो गेला होता. बिल्डिंगमध्ये चार दिवस लोक हळहळले, मग त्या पोरांच्या रेसिंगवर सोसायटीच्या ग्रुपवर बरंच लिहून झालं, मग तेही थांबलं. काही महिन्यांनी भानूताई परत पाटीवर बसायला लागल्या. आता त्या गिऱ्हाइकाला हाक मारत नसत. येईल त्याला मासळी देत.

मोसमाला नुकतीच सुरुवात झाली होती. सकाळी मी सुके बोंबील मागितले होते, ते घेऊन त्या संध्याकाळी वर आल्या. दार उघडं ठेवून मी पैसे आणायला आत वळले आणि परत येते तो त्या उंबऱ्यावर थिजल्यासारख्या उभ्या. टीव्हीवर शर्यत चालू होती.

"ह्यो आवाज..." त्या म्हणाल्या.

मला एकदम लक्षात आलं. मी रिमोट उचलला. "थांबा, बंद करते."

"नको. माजा रोशन ह्येच बगाचा. फोनवर, कानात घालून. मी जवल गेली का फोन उलटा ठेवाचा. म्हनाचा, आये, तू नको बगू, तू घाबरशील." त्यांनी बोंबलांची पिशवी खाली ठेवली. "मॅडम, बगू काय जरा?"

सोफ्यावर बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. दाराला पाठ लावून जमिनीवर बसल्या. मी पण मग खालीच बसले. काही वेळ दोघी नुसत्या बघत राहिलो. त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचा मला धीर होत नव्हता. तेवढ्यात पुढच्या घोळक्यातला एकजण घसरला. मोटरसायकल एकीकडे, तो दुसरीकडे, कोलांट्या खात खडीत जाऊन पडला. भानूताई ताडकन उभ्या राहिल्या.

"गेला?"

"नाही, नाही. बघा तुम्ही."

धूळ खाली बसली. तो पडून होता. मग त्याचा एक हात हलला, मग तो गुडघ्यावर आला, उभा राहिला आणि रागानं खडीला लाथ मारून चालायला लागला.

"उठला," भानूताई म्हणाल्या. "उठला की ओ."

"त्यांच्या कपड्यांत हवेच्या पिशव्या असतात. पडलं की फुगतात."

त्या खाली बसल्या. पदर तोंडावर धरला. मग म्हणाल्या, "ह्यांना पडाला जागा ठेवलीय. केवडी जागा हाय बगा. माज्या पोराला नव्हती."

मी आवाज कमी केला.

"मोटाच ठेवा," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी शर्यत जिंकली एका जुन्या खेळाडूनं. पण तिसऱ्या नंबरावर त्या वर्षीचा नवखा होता. हेल्मेट काढलं तेव्हा आत एक अगदीच लहान चेहरा निघाला. घामानं चिकटलेले केस, कान बाहेर आलेले, आणि हसावं की नाही हे न कळल्यासारखं हसू.

"ह्यो बारका कोन?" भानूताईंनी विचारलं.

मी नाव सांगितलं. त्यांनी ते ऐकून सोडून दिलं. तेव्हापासून माझ्या घरात तो बारकाच. त्याचं खरं नाव मी इथं लिहीत नाही. त्या वर्षात मी ते कधी वापरलंच नाही.

पुढच्या शर्यतीला त्या येतील असं वाटलं नव्हतं. पण आल्या. मग येत राहिल्या. युरोपातल्या शर्यती आपल्याकडे संध्याकाळी दिसतात, उन्हं कलल्यावर. पाटी आवरून, घरचं करून, अंगाला साबणाचा वास घेऊन त्या यायच्या. पावसाळ्यात होड्या बंद असतात तेव्हा तर त्यांना वेळच वेळ. बाहेर पाऊस, खिडकीच्या काचांवरून पाणी, आणि पडद्यावर कुठल्या तरी डोंगरातलं कडक ऊन. मी आल्याचा चहा करायची. त्या बशीत ओतून प्यायच्या आणि बशी हातात तशीच धरून शर्यत बघायच्या.

त्यांना नियमांत रस नव्हता. टायर कसे असतात, गुण कसे मिळतात हे मी हौसेनं सांगायची, त्या हं हं म्हणायच्या. त्यांची नजर दुसरंच काही शोधत असायची. शर्यतीच्या मध्येच कॅमेरा कधीकधी खेळाडूंच्या माणसांवर जातो. तिथं एक बाई दिसायची, बारक्याची आई. दोन्ही हात तोंडावर, बोटांच्या फटीतून बघणारी.

"ती बग, ती आय," भानूताई मला कोपरानं ढोसायच्या. "तिला झोप लागत असंल काय रातची?"

कधी 'मॅडम'चं 'बाय' झालं आणि 'तुमी'चं 'तू' झालं ते मला कळलंही नाही.

एकदा पावसामुळे शर्यत सुरू व्हायला उशीर झाला. तिकडच्या पावसामुळे. पडद्यावर नुसत्या छत्र्या दिसत होत्या. तेव्हा मी त्यांना माझं आजवरचं भांडण सांगितलं. अमेरिकन, इटालियन आणि स्पॅनिश. तिघांची पहिली वर्षं, कोण कुठं कसा जिंकला, कोण कुठं चुकला. इतकी वर्षं मनात साठवलेलं भडाभडा बोलून गेले. बोलताना माझाच आवाज मला ओळखू येईना. शेवटी विचारलं, "आता तुम्ही सांगा, यातला थोर कोण?"

भानूताईंनी विचार केला. "तिगंबी हायत ना अजून?"

"म्हणजे?"

"जित्ते हायत ना?"

"हो, आहेत की."

"मंग तिगंबी थोर."

मी हसले. त्याही हसल्या. रोशन गेल्यानंतर मी त्यांना हसताना पहिल्यांदा बघत होते. मला बरं वाटलं, आणि त्याहून जास्त हे वाटलं की मी काहीतरी सांगितलं आणि ते कुणीतरी ऐकलं. एकट्या राहणाऱ्या माणसाला बोलायला कुणी नसतं असं नाही. ऑफिस असतं, दूधवाला असतो, फोनवर भाऊ असतो. पण ज्या गोष्टीनं आपलं काळीज वर-खाली होतं तिच्याबद्दल बोलायला कुणी नसतं. मी शनिवारपासून रविवारची वाट बघायला लागले. शर्यत नसलेला रविवार लांबच लांब वाटायचा. हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगण्यासारखं नातं होतं की नव्हतं, ते मला ठरवता येत नव्हतं.

आणि बारका? त्याचं ते वर्ष विसरण्यासारखं नव्हतंच. उन्हाळ्यात त्यानं पहिली शर्यत जिंकली, लागोपाठ दुसरी. मग एका सरावात पडून त्याचं मनगट मोडलं. पुढच्या शर्यतीला हात गळ्यात अडकवून तो ट्रॅकच्या कडेला उभा होता आणि त्याची आई शेजारी शांत बसली होती. "आज ती जेवली असंल," भानूताई म्हणाल्या. तो परत आला तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता जपून चालवेल. जपून वगैरे काही नाही. शेवटच्या वळणावर आत घुसायचा, कोपर जमिनीला टेकवून. आणि इकडे भानूताई जमिनीवर हात आपटायच्या, "घाल, आत घाल! घाल रे!" खालच्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा बेल वाजवून विचारलं, सगळं ठीक आहे ना म्हणून.

दिवाळीच्या सुमाराला शर्यती पूर्वेकडे जातात. जपान, मलेशिया, ऑस्ट्रेलिया. त्या आपल्याकडे सकाळी लागतात. रविवार सकाळ म्हणजे भानूताईंच्या धंद्याची वेळ. पहिली शर्यत मी एकटीनं बघितली आणि खाली जाऊन त्यांना पाटीपाशी सांगितली. त्या कोळंबी सोलत ऐकत होत्या, पण सांगितलेली शर्यत म्हणजे जेवणाचा नुसता वास. पुढच्या रविवारी मी टॅबलेट घेऊनच खाली उतरले. बर्फाच्या खोक्यावर तो टेकवला आणि प्लॅस्टिकच्या उलट्या क्रेटवर बसले. साडी नेसून, फुटपाथवर. सोसायटीतले लोक मासळी घ्यायला येत होते आणि माझ्याकडे बघत होते.

"पापलेट कसं दिलं?"

"थांबा ओ जरा, दोनच फेऱ्या ऱ्हायल्यात."

"कसल्या फेऱ्या?"

"आमचा पोऱ्या हाय म्होरं," भानूताई स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाल्या.

दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त गृहस्थ पिशवी घेऊन उभे राहिले ते उभेच राहिले. एक रिक्षावाला थांबला. वॉचमन आला. बारका दुसरा होता आणि पुढच्याला सोडत नव्हता. शेवटच्या फेरीत त्यानं बाहेरून डाव टाकला, पुढचा मागं सरेना, दोघं खांद्याला खांदा लावून वळले आणि वळणातून बाहेर पडताना बारका एक चाकभर पुढे होता. रेषा ओलांडली तेव्हा भानूताईंनी खवल्यांनी भरलेल्या हातांनी टाळ्या वाजवल्या. खवले उडाले, माझ्या चष्म्यावर आले. त्या उभ्या राहून हसत होत्या, मोठ्यानं, रस्त्याच्या पलीकडे ऐकू जाईल असं. जो आला त्याच्या पिशवीत त्या दिवशी एक बांगडा जास्तीचा पडला. मी वर आले तेव्हा माझ्या साडीला मासळीचा वास येत होता आणि मला ती धुवायला टाकावीशी वाटत नव्हती.

आता फक्त शेवटची शर्यत उरली होती. ती युरोपात, म्हणजे आपली संध्याकाळ. बारक्याला अजिंक्यपदासाठी पहिल्या दोघांत येणं पुरेसं होतं. मी बेसनाचे लाडू केले होते, त्या नादात सकाळी खाली पाटीकडे उतरलेच नव्हते. चहाचं आधण ठेवलं. भानूताई आल्या नाहीत. दिवे विझले, शर्यत सुरू झाली, मी दार किलकिलं उघडं ठेवलं. जिन्यात पावलं वाजली की कान टवकारायचे. कुरियरवाला वरच्या मजल्यावर गेला आणि खाली आला.

निम्म्या शर्यतीत बारका पडला. साधं वळण होतं, कुणाचा धक्का नाही, काही नाही. पुढचं चाक निघून गेलं. तो घसरत खडीत गेला आणि थांबायच्या आत उठून पळत सुटला. मोटरसायकल उभी केली, ढकलली, परत चालू झाली, आणि सगळ्यांच्या मागून तो निघाला. एक मूठ वाकलेली, काच तुटलेली. मागून एकेकाला गाठत राहिला. अजिंक्यपद गेलंच होतं. ते त्यालाही माहीत असणार. तरी त्यानं शर्यत संपवली.

"उठला," मी मोठ्यानं म्हणाले. हॉलमध्ये कुणी नव्हतं. आवाज भिंतीवर जाऊन परत आला तेव्हा कळलं की मी कुणाला तरी सांगत होते.

बुधवारी गुलमोहराखाली भानूताईंची जाऊ बसली होती. "तिला बरं नाय," एवढंच म्हणाली. पुढच्या रविवारीही तीच. मग हिवाळाभर तीच. चौकशी करायची तर तिच्याकडे किती करणार? आणि दिवाळ्याला जायचं तर कोण म्हणून जायचं? शर्यती बघायला सोबत होतो, म्हणून? हे असं नातं सांगितलं तर मलाच हसू आलं असतं. त्या हिवाळ्यात मला समजलं की सोबत सुटली की माणूस पहिल्यासारखा एकटा होत नाही. आधीच्या एकटेपणात मी आरामात होते. त्याच्या जागा मला माहीत होत्या. हा नवा होता.

यंदाच्या पहिल्या शर्यती मी बघितल्या. बारका आता नवखा नाही. मुरलेल्यांतला एक झालाय, जपून वळतो. जिंकला तरी हसतो ते ठरवून. एप्रिलमध्ये शर्यती युरोपात पोचल्या, पुन्हा संध्याकाळच्या वेळा आल्या, आणि त्या रविवारी दुपारी मी उठून रिक्षा केली आणि दिवाळ्याला गेले.

धक्क्याच्या बाजूला जाळ्या पसरून त्यावर बारीक कोळंबीसारखा जवळा वाळत घातला होता. गुलाबीसर, कडक. वास नाकात बसत होता. भानूताई कडेला सावलीत बसून त्यातला कचरा निवडत होत्या. मला बघून दचकल्या, मग सरकून जागा करून दिली.

"कशी हायस बाय?"

"मी बरी. तुम्ही?"

"हाय."

मग मीच म्हणाले, "माझं काही चुकलं का?"

"तुजं काय चुकनार?" त्यांनी हातातला काडीकचरा बाजूला टाकला. "त्या दिशी बारका जिंकला ना, फुटपाथवर, तवा मी केवडी हसली. टाल्या वाजवल्या. घरी गेली, जेवली, झोपली. सकाली उठली आनि मंग ध्यानात आलं." त्यांनी जवळ्यातून एक शिंपला वेचून टाकला. "आदल्या अख्ख्या दिसात मला रोशनची याद नाय आली. एकदाबी नाय. बाय, मी तुज्याकडं यायची ती त्याला बगाला. तो काय बगाचा, ते बगाला. आनि हलूहलू मी बारक्यालाच बगाला लागली. माजं पोर गेलं न मी दुसऱ्याच्या पोरासाटी नाचली. मला माजीच भीती वाटली."

मला सांगायचं होतं की असं नसतं. की हसलं म्हणजे विसरलं असं नाही. रोशनला तुम्हाला हसताना बघून आनंदच झाला असता. ही सगळी वाक्यं माझ्या तोंडात आली आणि एकही बोलण्यासारखं वाटेना. त्यांना ते सगळं कुणी ना कुणी आधीच सांगितलं असणार. आणि एक गोष्ट मला आत कुठेतरी टोचत होती. फुटपाथवरच्या ज्या सकाळीमुळे त्यांना स्वतःचीच भीती वाटली, ती माझ्या गेल्या कित्येक वर्षांतली सर्वांत आनंदाची सकाळ होती. ते मात्र मी गिळलं.

"मी बोलवायला नाही आले," मी म्हणाले. हे खोटं होतं. रिक्षात बसले तेव्हा बोलवायलाच निघाले होते. पण तिथं बसल्यावर ते खरं झालं.

उन्हं उतरत होती. खाडीवरून वारा आला आणि जवळ्याच्या कडा उडायला लागल्या. भानूताई उठल्या, टोपली ओढली आणि दोन्ही हातांनी भराभर गोळा करायला लागल्या. मी चपला बाजूला काढल्या, निऱ्या वर खोचल्या आणि दुसऱ्या टोकाला बसले. जवळा बोटांना टोचत होता. माझ्या ओंजळीतून निम्मा परत जाळीवर सांडत होता. त्यांनी बघितलं, मग ओंजळ कशी धरायची ते दाखवलं.

थोड्या वेळानं त्या मान वर न करता म्हणाल्या, "आज असंल ना गं ती?"

"आहे."

"मंग जा की. चालू होयाची येल झाली."

"असू दे," मी म्हणाले आणि टोपली माझ्याकडे ओढली.